गावासाठी डॉक्टर घडविताना

कोणत्याही रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात आकड्यांची पाने असतातच. बाह्यरुग्ण विभागात किती जण आले, किती शस्त्रक्रिया झाल्या, किती बाळंतपणे पार पडली, किती जणांना बिलात सवलत दिली, याचा हिशेब विश्वस्त आणि देणगीदार यांच्यापुढे ठेवणे हे आमचे कर्तव्यच आहे. परंतु जे रुग्णालयापर्यंत पोहोचले, तेवढेच या हिशेबात मोजले जातात. जे घरीच अंथरुणाला खिळून राहिले, जे गावातल्या गावात बरे झाले, किंवा ज्यांना येथे आणण्यास फार उशीर झाला, त्यांच्यासाठी अहवालात रकाना नसतो.

प्रस्तुत लेखात या न मोजलेल्या माणसांविषयी आणि त्यांच्या जवळ असावयास हव्या असलेल्या डॉक्टरविषयी आम्ही काही माहिती देत आहोत. हा डॉक्टर कसा घडतो, त्याला लागणारे ज्ञान कोठून येते आणि त्यासाठी पैसा व श्रम खर्च करणे हे धर्मादाय रुग्णालयाचे काम का आहे, असे तीन प्रश्न आमच्यापुढे आहेत. देणगीदारांकडूनही ते वेळोवेळी विचारले जातात. अतिदक्षता विभागाला खाटा अपुऱ्या पडत असताना खेड्यातील डॉक्टरांच्या शिक्षणाकडे कशाला वळावे, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर सविस्तर देणे आवश्यक आहे.

हजार माणसांचा एक महिना

सन १९६१ मध्ये केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका व ब्रिटन येथील पाहण्यांच्या आधारे एक साधा हिशेब मांडला. एक हजार प्रौढ माणसे घेतली, तर एका महिन्यात त्यांपैकी सुमारे ७५० जणांना काही ना काही आजार वा दुखापत होते. त्यांतील २५० जण डॉक्टरकडे जातात. ९ जणांना रुग्णालयात दाखल करावे लागते, ५ जणांना दुसऱ्या डॉक्टरकडे पाठविले जाते आणि विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयात पोहोचतो तो केवळ एक. पुढे २००१ मध्ये अमेरिकेत हाच हिशेब, या वेळी मुलांनाही धरून, नव्याने करण्यात आला. हजारांपैकी ८०० जणांना काही लक्षणे जाणवली, ८ जण रुग्णालयात दाखल झाले आणि अध्यापन रुग्णालयात एकाहूनही कमी. मधल्या चाळीस वर्षांत वैद्यकशास्त्राचा चेहरामोहरा बदलला होता. या उतरंडीचा आकार मात्र जवळजवळ तसाच राहिला होता.

हे आकडे परदेशातील आहेत. आपल्याकडील आजार निराळे, अंतरे निराळी आणि पैशाची अडचणही निराळी. त्यामुळे ते येथे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. परंतु त्यांतून निघणारा मुद्दा आपल्यालाही लागू पडतो. आपले भावी डॉक्टर शिकतात ते त्या हजारातील एका रुग्णावर. वैद्यकीय महाविद्यालयाच्या कक्षात जो रुग्ण खाटेवर असतो, तो अनेक चाळण्यांतून गाळून तेथवर आलेला असतो. त्याचा आजार बहुधा पुरता उघड झालेला, तपासण्या झालेल्या आणि निदानाची दिशा ठरलेली असते. आजाराच्या पहिल्या दिवशी, अंगावर धड ताप नाही की दुखण्याचा नेम नाही अशा अवस्थेत माणूस कसा दिसतो, हे पाहण्याची संधी विद्यार्थ्याला क्वचितच मिळते. पदवी घेऊन तो प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू होतो, तेव्हा उरलेले नऊशे नव्याण्णव त्याच्या दारात उभे असतात. त्यांच्याविषयी त्याला फारसे कोणी शिकविलेले नसते.

प्राथमिक म्हणजे किरकोळ नव्हे

'प्राथमिक आरोग्यसेवा' हा शब्दप्रयोग काहीसा दिशाभूल करणारा आहे. प्राथमिक म्हणजे सर्दी-खोकल्यापुरती, हलक्या दर्जाची, गरिबांसाठीची सेवा असा समज रूढ झाला आहे. या विषयाच्या थोर अभ्यासक बार्बरा स्टारफील्ड यांनी या सेवेची चार लक्षणे सांगितली आहेत. आजार कोणताही असो, माणसाने प्रथम जेथे जावे ते ठिकाण ती असते. तेथील डॉक्टर वर्षानुवर्षे त्याच माणसाला पाहत असतो. बाळाच्या लसीपासून आजोबांच्या रक्तदाबापर्यंत बहुतेक गरजा तेथे भागतात. आणि ज्या भागत नाहीत, त्यांसाठी योग्य तज्ज्ञाकडे पाठवून त्याच्या सल्ल्याचा पुढे मेळ घालण्याची जबाबदारीही तेथेच असते. आपल्या मागील पिढ्यांनी पाहिलेला फॅमिली डॉक्टर ही चारही कामे करीत असे. त्यांना शास्त्रीय नावे मात्र कोणी दिली नव्हती.

यांतील दुसरे लक्षण, म्हणजे एकाच डॉक्टरशी दीर्घकाळ असलेला संबंध, अनेकांना केवळ जिव्हाळ्याचा विषय वाटतो. वस्तुतः त्याचा आयुर्मानाशी संबंध आहे. नॉर्वेमध्ये प्रत्येक नागरिकाच्या नावावर एक कुटुंब डॉक्टर नोंदलेला असतो. तेथील सुमारे ४५ लाख लोकांच्या नोंदींचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचा डॉक्टर एक वर्षापासूनच त्यांना पाहत होता, त्यांच्याशी तुलना करता पंधरा वर्षांहून अधिक काळ तोच डॉक्टर असणाऱ्यांमध्ये मृत्यूची शक्यता सुमारे २५ टक्क्यांनी आणि तातडीने रुग्णालयात दाखल होण्याची शक्यता सुमारे २८ टक्क्यांनी कमी आढळली. अशा अभ्यासावरून कार्यकारणभाव निर्विवाद सिद्ध होत नाही, हे खरे. तरीही वर्षे वाढत गेली तसा लाभही पायरीपायरीने वाढत गेलेला दिसला, ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही.

आता आपल्या ग्रामीण भागाकडे पाहावे. सपाट प्रदेशात ३०,००० आणि डोंगरी व आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असे शासनाचे प्रमाण आहे. इमारती उभ्या राहिल्या, औषधे पोहोचू लागली, २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानानंतर आशा कार्यकर्त्या घरोघरी जाऊ लागल्या. परंतु एमबीबीएस झाल्यावर बंधपत्राचे एक वर्ष पुरे करण्यासाठी आलेला डॉक्टर वर्ष संपताच पदव्युत्तर प्रवेशासाठी निघून जातो. गावाला माणसांची ओळख होते न होते, तोच नवा डॉक्टर हजर होतो. यात त्या तरुणांना दोष देण्याचे कारण नाही. ज्या कामासाठी त्यांना घडविलेच गेले नाही, त्या कामात ते रमावेत अशी अपेक्षा करणे हेच मुळात चुकीचे आहे.

गावातून उभे राहिलेले संशोधन

संशोधन म्हटले की प्रयोगशाळा, महागडी यंत्रे आणि महानगरातील संस्था डोळ्यांसमोर येतात. महाराष्ट्राचा अनुभव मात्र वेगळा आहे. ग्रामीण भागातील काही आजारांवरील मोलाचे ज्ञान आपल्या गावांतूनच जगाला मिळाले आहे.

रायगड जिल्ह्यातील महाड परिसरात लाल विंचवाचा दंश हा एके काळी जीवघेणा प्रकार होता. दंशानंतर दरदरून घाम फुटे, उलट्या होत, हातपाय गार पडत, रक्तदाब वाढे आणि काही तासांत फुफ्फुसांत पाणी भरून, विशेषतः लहान मुले, दगावत. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी असलेल्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी या रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणांचा क्रम टिपून ठेवला. विंचवाचे विष शरीरातील स्वायत्त मज्जासंस्थेला खवळून सोडते आणि हृदयावर असह्य ताण येतो, हे ध्यानी आल्यावर त्यांनी प्राझोसिन या रक्तदाबावरील साध्या गोळीचा वापर सुरू केला. पूर्वी गंभीर रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या घरात असे; ते पुढे एक टक्क्याच्या आसपास आले. १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकाने त्यांची निरीक्षणे छापली. २०११ मध्ये डॉ. हिम्मतराव व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाड येथेच केलेली, प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिल्यास रुग्ण अधिक लवकर सावरतो हे दाखविणारी चाचणी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाली. डॉ. हिम्मतराव यांना २०२२ मध्ये पद्मश्रीने गौरविण्यात आले. हे संशोधन महानगरात होणे शक्यच नव्हते. विंचू शेतात, गवतात आणि दगडांच्या बांधांत असतो; त्याचा दंश झालेला माणूस महानगरातील रुग्णालयात बहुधा पोहोचतच नसे.

दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी 'सर्च' या संस्थेच्या माध्यमातून तेथे काम उभे केले. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करण्यात आली. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग होते आणि पूर्वी कधी तरी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. रुग्णालयात बसून या आजारांची मोजदाद केली असती तर ते जवळजवळ नाहीतच, असा निष्कर्ष निघाला असता. त्यानंतर १९९० मध्ये त्यांनी दाखवून दिले की, गावातील प्रशिक्षित कार्यकर्ते आणि सुईणी बालकांचा न्यूमोनिया ओळखू शकतात व त्यावर औषध देऊ शकतात. उपचार मिळालेल्या बालकांतील मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के होते, तर तुलनेसाठी घेतलेल्या भागात ते १३.५ टक्के होते. १९९९ मध्ये नवजात बालकांच्या घरच्या घरी काळजीचा प्रयोग प्रसिद्ध झाला. ३९ गावांत ही सेवा देण्यात आली व ४७ गावे तुलनेसाठी ठेवण्यात आली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदरात ६२ टक्क्यांची घट दिसून आली. पुढे २०११ मध्ये नवजात बालकांची घरी जाऊन काळजी घेण्याचे काम देशभरातील आशा कार्यकर्त्यांकडे सोपविण्यात आले.

या दोन्ही कामांच्या आधी, १९७० मध्ये, डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेड येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला होता. शाळेची पायरीही न चढलेल्या स्त्रिया आपल्या गावाच्या आरोग्य कार्यकर्त्या होऊ शकतात, हे त्यांनी सिद्ध केले. १९७८ मध्ये अल्मा-आटा येथील परिषदेने 'सर्वांसाठी आरोग्य' ही घोषणा केली, तेव्हा जगापुढे जी थोडी जिवंत उदाहरणे होती, त्यांत जामखेड होते. जामखेडच्या डॉक्टरांचे काम केवळ औषध देण्याचे राहिले नाही. आपले ज्ञान वाटून टाकणे आणि त्या कार्यकर्तीवर विश्वास टाकणे, हेही त्यांच्या कामाचा भाग झाले.

वेल्समधील ग्लिनकोरग या कोळसा खाणींच्या गावातील डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट यांचा उल्लेख येथे केला पाहिजे. गावातील जवळजवळ प्रत्येक प्रौढाचा रक्तदाब मोजणारे आणि त्या नोंदींच्या आधारे पंचवीस वर्षे उपचार करणारे हे कुटुंब डॉक्टर. त्यांच्या गावातील अकाली मृत्यू शेजारच्या तशाच गावापेक्षा लक्षणीय कमी झाले. जेथे वैद्यकीय सेवेची गरज सर्वाधिक, तेथेच ती सर्वांत कमी उपलब्ध असते, हा त्यांनी १९७१ मध्ये मांडलेला नियम आजही जगभर सांगितला जातो.

या सर्व उदाहरणांत एक समान धागा आहे. प्रत्येक ठिकाणी डॉक्टर दीर्घकाळ एकाच जागी राहिला, त्याने नोंदी ठेवल्या, आणि जे आले त्यांच्याबरोबरच जे आले नाहीत त्यांचाही विचार केला. नोंदवही, पेन्सिल आणि चिकाटी हीच त्याची मुख्य साधने होती.

निदानाचे गाव

गावातील डॉक्टर कमी शिकलेला चालतो, कारण अवघड रुग्ण पुढे पाठविता येतात, असा एक युक्तिवाद ऐकू येतो. परंतु कोणाला पाठवावे आणि कोणाला पाठवू नये, हे ठरविणे हेच सर्वांत अवघड काम आहे. डोके दुखते म्हणून आलेल्या प्रत्येकाला शहरात पाठविले तर गरीब कुटुंब तपासण्यांच्या खर्चाने मोडून पडेल. आणि खरोखर धोक्यात असलेल्या एकाला दोन गोळ्या देऊन घरी पाठविले तर तो जीव जाईल. मोठ्या रुग्णालयात गंभीर आजाराची शक्यता मुळातच अधिक असते, म्हणून तेथे सर्व तपासण्या करणे योग्य ठरते. गावात ती शक्यता कमी असते. तेथे ऋतू, शेतातील काम, घर आणि माणसाचा पूर्वेतिहास यांवरून अंदाज बांधावा लागतो.

पावसाळ्यातील काही उदाहरणे देतो. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखते, उलटी होते म्हणून आला, तर शहरी डॉक्टरच्या मनात प्रथम पित्त येईल. अनुभवी ग्रामीण डॉक्टर त्याच्या पापण्यांकडे पाहतो. मण्यारीचा दंश बहुधा रात्री झोपेत होतो, फारसा दुखत नाही आणि पुष्कळदा जखमही दिसत नाही. पापण्या जड होणे, गिळण्यास त्रास होणे आणि मग श्वास बंद पडणे, हा पुढील क्रम असतो. मधल्या काही तासांत प्रतिविष व श्वासाची मदत मिळाली तर तो माणूस वाचतो.

घोणस किंवा फुरसे चावले असेल, तर त्याचे विष रक्त गोठण्याची क्रिया बिघडविते. ते ओळखण्यासाठी यंत्र लागत नाही. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन ती वीस मिनिटे न हलविता ठेवावयाची आणि मग तिरपी करून पाहावयाची. रक्त गोठले नसेल तर विषबाधा झाली आहे. ही चाचणी कोणत्याही आरोग्य केंद्रात होऊ शकते. नळी काचेचीच आणि स्वच्छ हवी, हे मात्र कोणी तरी शिकविलेले असावे लागते.

भातलावणीच्या दिवसांत ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना आणि लाल डोळे असा रुग्ण आला, तर कोकणात लेप्टोस्पायरोसिसचा विचार आधी करावा लागतो. विदर्भात पावसाळ्याच्या अखेरीस ताप आलेल्या माणसाच्या काखेत वा जांघेत काळी खपली शोधावी लागते. ती सापडली तर स्क्रब टायफस हे निदान जवळजवळ निश्चित होते. दोन्ही आजारांत वेळेवर दिलेली डॉक्सिसायक्लिन ही स्वस्त गोळी बहुतेकांना वाचविते. उशीर झाला तर हेच रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन अतिदक्षता विभागात येतात आणि कुटुंबाची जमीन गहाण पडते.

याखेरीज एक कौशल्य असे की, जे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. दिवसभराच्या कामाने थकलेला मजूर 'सलाईन लावा' असा आग्रह धरतो. त्याला ते न लावता समाधानाने घरी पाठविणे, हे काम एका वर्षाच्या ओळखीवर होत नाही.

प्रशिक्षणाचा प्रश्न

असा डॉक्टर तयार करावयाचा, ही कल्पना नवी नाही. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ मध्ये समाजाभिमुख मूलभूत डॉक्टर घडविण्याची आणि त्यासाठी प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे शिक्षण देण्याची शिफारस केली होती. १९७७ मध्ये प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने तीन विकास गटांची आरोग्याची जबाबदारी घ्यावी, अशी योजना केंद्र शासनाने आखली. तिला अपेक्षित फळ आले नाही. विद्यार्थी गाडीतून गावात जात आणि संध्याकाळी परत येत. गावाची ओळख अशी सहलीने होत नाही.

याच महाराष्ट्रात एक वेगळी वाटही चोखाळली गेली. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, सेवाग्राम येथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन केली. तेथील प्रथम वर्षाचे विद्यार्थी आरंभी आश्रमात राहतात, प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, विद्यार्थी त्या गावात शिबिरासाठी मुक्काम करतात आणि नेमून दिलेल्या कुटुंबांना पुढेही भेटत राहतात. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये कुटुंब दत्तक उपक्रम देशातील सर्व एमबीबीएस विद्यार्थ्यांसाठी लागू केला. सेवाग्रामची रीत सर्वत्र पोहोचण्यास अर्धशतक लागले.

परदेशांतील अनुभवही उद्बोधक आहे. जपानमधील जिची वैद्यकीय विद्यापीठ १९७२ मध्ये स्थापन झाले. तेथे देशातील प्रत्येक प्रांतातून थोडे थोडे विद्यार्थी निवडतात; त्यांचे शिक्षण विनामूल्य होते आणि त्याच्या बदल्यात त्यांनी आपल्याच प्रांतात नऊ वर्षे सेवा करावयाची असते. बहुतांश पदवीधर ही मुदत पूर्ण करतात. ऑस्ट्रेलियातील फ्लिंडर्स विद्यापीठाने १९९७ पासून काही विद्यार्थ्यांना एक संपूर्ण शैक्षणिक वर्ष ग्रामीण कुटुंब डॉक्टरांकडे ठेवले. खेड्यात शिकलेले विद्यार्थी परीक्षेत मागे पडतील, अशी भीती होती. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांची कामगिरी शहरातील मोठ्या रुग्णालयात शिकलेल्यांपेक्षा सरस आढळली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये आणि सुधारित स्वरूपात २०२१ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांचे सारही हेच आहे. ग्रामीण पार्श्वभूमीचे विद्यार्थी निवडावेत, त्यांना गावाजवळ शिकवावे, गावातील आजारांवर आधारलेला अभ्यासक्रम द्यावा आणि कामावर रुजू झाल्यावर त्यांना एकटे सोडू नये. केवळ सक्तीने हे साध्य होत नाही.

आपल्या देशात कुटुंब वैद्यक या विषयाचा तीन वर्षांचा डीएनबी आणि अलीकडे दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम राष्ट्रीय परीक्षा मंडळातर्फे उपलब्ध आहे. या अभ्यासक्रमांची एक विशेष बाब म्हणजे ते वैद्यकीय महाविद्यालयांपुरते मर्यादित नाहीत. मान्यताप्राप्त विश्वस्त रुग्णालयांतही ते चालतात. औषधवैद्यक, बालरोग, प्रसूती, शस्त्रक्रिया, अस्थिरोग, मानसिक आरोग्य अशा विभागांतून फिरत हा विद्यार्थी शिकतो. मूल पायाळू असल्याचे वेळीच ओळखणे, मोडलेला हात नीट बांधणे, नैराश्याने ग्रासलेल्या शेतकऱ्याशी बोलणे, कीटकनाशक प्यालेल्याला ॲट्रोपिन देणे, ही सारी कामे एकाच माणसाला यावी लागतात. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने आरोग्यावरील दोन तृतीयांश वा अधिक निधी प्राथमिक सेवेवर खर्च व्हावा असे म्हटले आहे. तो निधी वापरणारी शिकलेली माणसे मात्र कोणी तरी घडवावी लागतील.

धर्मादाय रुग्णालयाचे काम

महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवावयाच्या असतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेली ही योजना आम्ही केवळ कायद्याचे बंधन म्हणून पाहत नाही. तथापि या खाटांवर येणाऱ्या रुग्णांकडे पाहिले असता एक गोष्ट मनाला लागून राहते. पक्षाघाताने आलेल्या माणसाचा रक्तदाब वर्षानुवर्षे कोणी मोजलेला नसतो. पाय कापावा लागणाऱ्या मधुमेही रुग्णाच्या तळव्याची जखम कोणी पाहिलेली नसते. बाळंतपणात रक्तस्रावाने खचलेली स्त्री गरोदरपणापासूनच पंडुरोगी असते. विनामूल्य खाट देऊन आम्ही त्यांचे बिल वाचवितो. परंतु गेलेला हात, गेलेला पाय परत देऊ शकत नाही. त्यांना खरी मदत मिळावयास हवी होती ती काही वर्षे आधी आणि काही मैल अलीकडे.

म्हणून आमच्यासारख्या संस्थांनी चार कामे हाती घ्यावीत, असे आम्हांला वाटते. पहिले, कुटुंब वैद्यकाच्या प्रशिक्षणार्थींना आणि त्यांना शिकविणाऱ्या ज्येष्ठांना सन्मानाने जगता येईल इतके वेतन देणे, आणि प्रशिक्षणाचा मोठा भाग आरोग्य केंद्रांत व गावांत घडविणे. दुसरे, गावातील डॉक्टर, आरोग्यसेविका आणि आशा कार्यकर्ती यांना अडचणीच्या वेळी विचारता येईल असा तज्ज्ञ दूरध्वनीवर उपलब्ध ठेवणे. तिसरे, चिठ्ठी घेऊन आलेल्या रुग्णाची परतीची चिठ्ठी त्याच्या डॉक्टरकडे न चुकता पाठविणे. काय आढळले, काय केले आणि पुढे काय पाहावे, हे चार ओळींत कळविले तर गावातील डॉक्टर प्रत्येक रुग्णाबरोबर थोडा शिकतो. चौथे, साध्या नोंदवह्या ठेवणे. कोणत्या महिन्यात, कोणत्या वाडीत, कोणता ताप आला, याची शिस्तीने ठेवलेली पाच वर्षांची नोंद हे उद्याच्या संशोधनाचे बियाणे असते. बिरवाडीचा धडा हाच आहे.

या कामांचे उद्घाटन करता येत नाही, हे आम्ही जाणतो. यंत्रावर देणगीदाराचे नाव कोरता येते, कक्षाला आई-वडिलांचे नाव देता येते. पण दूरच्या वाडीत वेळेवर ओळखल्या गेलेल्या मण्यारीच्या दंशावर कोनशिला बसत नाही. अशा कामासाठी दिलेली देणगी पुढील वर्षीच्या अहवालात ठळक आकड्याने दिसेल, असेही आश्वासन देता येणार नाही. किंबहुना ती यशस्वी झाली तर काही रकान्यांतील आकडे कमीच होतील. विश्वस्त आणि देणगीदार यांनी या घटलेल्या आकड्यांकडेही समाधानाने पाहावे, ही आमची विनंती आहे. अतिदक्षता विभागाची गरज उद्याही राहील आणि तिच्यासाठी आम्ही आपल्याकडे पुन्हा येऊच. मात्र एकाच बाजूने पाणी उपसत राहिलो आणि गळतीकडे पाहिलेच नाही, तर कितीही खाटा अपुऱ्याच पडतील.

रुग्णांच्या नातेवाइकांसाठी

रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक यांचाही या कामात वाटा आहे. शक्यतो एका डॉक्टरशी, एका आरोग्य केंद्राशी दीर्घकाळ नाते ठेवावे. दर दुखण्याला नवा डॉक्टर केल्याने प्रत्येक वेळी निदानाचा श्रीगणेशा नव्याने होतो. जुने केसपेपर, तपासण्यांचे अहवाल आणि चालू गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत जपून ठेवावीत व प्रत्येक भेटीत बरोबर न्यावीत. येथून घरी जाताना मिळालेले कार्ड गावातील डॉक्टरला अवश्य दाखवावे. सलाईन वा इंजेक्शन दिले नाही म्हणून डॉक्टरला कमी लेखू नये. साप वा विंचू चावल्यास आवळपट्टी बांधणे, चिरा देणे, मांत्रिकाकडे नेणे यांत वेळ न दवडता जवळच्या आरोग्य केंद्रात न्यावे. आणि गावात एखादा तरुण डॉक्टर मन लावून काम करीत असेल, तर त्याच्या राहण्याची, त्याच्या मुलांच्या शाळेची चौकशी गावाने आपुलकीने करावी. डॉक्टर गावात टिकतो तो पगारामुळे जितका, तितकाच माणसांमुळे.

चांगले रुग्णालय उभारण्यास काही वर्षे लागतात; चांगला ग्रामीण डॉक्टर घडण्यासही तितकीच लागतात. पहिल्या कामात आपण सर्वांनी आम्हांला उदार हस्ते साहाय्य केले आहे. दुसऱ्या कामातही तशीच साथ मिळेल, असा विश्वास आम्ही बाळगतो आणि आपल्या सूचनांची वाट पाहतो.